सुतात विणलेले दृष्टिभ्रम

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्रीसिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली, की होम मैदानावर माणसांची रीघ लागते. आकाशपाळणे, कसरती, नजरबंदीचे खेळ यांसाठी लोक आनंदाने पैसे मोजतात. थंडीचे दिवस असल्यामुळे त्यांच्यातील कित्येकांच्या खांद्यावर चादर असते. डोळ्यांना फसविण्याच्या कामी ही चादर तंबूतील कोणत्याही खेळाहून उणी नाही, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले. परंतु पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या घराण्यांनी माग थांबू दिला नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन लाभले, त्यामागे या घराण्यांचे कसब आहे. त्या कसबातच दृष्टिभ्रमाचे एक छोटेसे शास्त्र दडलेले आहे.

जेकार्ड मागावरील दुपदरी चादर उलटून पाहावी. एका अंगाला गडद निळ्या जमिनीवर पांढरे फूल असते, तर दुसऱ्या अंगाला पांढऱ्या जमिनीवर तेच फूल निळे होऊन उमटते. धागे तेच, त्यांची संख्याही तीच. तरीसुद्धा पांढरे फूल अंमळ मोठे भासते आणि निळे आकसल्यासारखे वाटते. पट्टी लावली तर मापात फरक निघत नाही. उजळ आकृतीचा प्रकाश डोळ्यात तिच्या कडांबाहेर किंचित पसरतो, हे याचे एक कारण होय. तेजस्वी ग्रह नुसत्या डोळ्यांना असतात त्याहून मोठे का दिसतात, याची चिकित्सा गॅलिलिओनेही केली होती. त्याने आकाशात पाहिलेली गोष्ट सोलापूरकर रोज अंगावर घेऊन झोपतो!

दुसरा चमत्कार अंतराचा. निरोगी डोळ्याला एक मिलिमीटर रुंदीच्या रेषा सुमारे साडेतीन मीटरपर्यंत सुट्या दिसतात. त्यापलीकडे त्या एकमेकींत मिसळतात. सूत पाव मिलिमीटर जाडीचे असेल, तर तांबडे आणि पांढरे धागे आलटून पालटून विणलेले कापड मीटरभर अंतरावरूनच गुलाबी दिसू लागते. वस्तुतः त्या कापडात गुलाबी रंगाचा एकही धागा नसतो.

सोलापुरात भिंतीवर लावण्यासाठी देवदेवतांच्या आणि थोर पुरुषांच्या ज्या तसबिरी विणल्या जातात, त्यांचे रहस्य यातच आहे. जवळ जावे तर उभ्या-आडव्या धाग्यांची नुसती गर्दी. चार पावले मागे सरावे तर गालावरची छाया आणि डोळ्यांतील चमकही स्पष्ट होते. अशा कामाची जुनी रीत मोठ्या चिकाटीची. आधी चित्र चौकटीच्या कागदावर उतरवायचे, प्रत्येक चौकटीत कोणता धागा वर येणार हे ठरवायचे आणि मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना छिद्रे पाडायची. १८३९ मध्ये फ्रान्समधील लियाँ शहरात खुद्द जेकार्ड मागाच्या जनकाचे चित्र रेशमात विणले गेले, तेव्हा त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले. गणकयंत्राची कल्पना मांडणारा इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याच्या घरी त्याची एक प्रत होती. पाहुण्यांना ती छापील चित्रच वाटे. डोंबाऱ्याच्या दोरीवरील कसरतीला टाळी लगेच मिळते. महिनोन्‌महिने चौकटी मोजणाऱ्या कारागिराच्या वाट्याला ती येत नाही, कारण त्याच्या कसरतीचे यश ती न दिसण्यातच असते.

येथवरचे भ्रम सुखावणारे. परंतु एक भ्रम असा आहे, की तो रंगाऱ्याच्या पोटावर पाय आणू शकतो.

पॅरिसमध्ये गोबेलँ हा चित्रपटांचा प्रसिद्ध राजकारखाना होता. १८२४ मध्ये तेथील रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. काळ्या लोकरीचा रंग फिका उतरतो, निळ्या-जांभळ्या भागांच्या छायेसाठी ती वापरली की मळकट दिसते, अशी तक्रार त्याच्याकडे आली. दोष अर्थातच रंगाऱ्यांच्या माथी मारला गेला होता. शेव्हरलने ती लोकर इतरत्र रंगविलेल्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काहीही उणे नव्हते. निळ्याच्या शेजारी ठेवलेल्या काळ्यावर डोळा नारिंगी झाक चढवितो आणि त्यामुळे काळा रंग विटका भासतो, असे त्याला आढळून आले. शेजारच्या रंगाच्या उलट रंगाची छटा डोळा आपल्या पदरची घालतो! या विषयावरील त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चित्रकारांनीही तो आदराने अभ्यासला. एका रसायनशास्त्रज्ञाने रंगाची तक्रार सोडविली ती रसायनाला हात न लावता.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील रंगशाळा असो की गल्लीतील लहान भट्टी, हा प्रसंग तेथे आजही उद्भवू शकतो. एकाच भट्टीतील काळे सूत पिवळ्या किनारीत शोभते आणि निळ्या जमिनीवर नापसंत ठरते. त्यात उजेडाची भर पडते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांत रंगविलेल्या दोन लडी नळीच्या दिव्याखाली जुळतात, पण उन्हात नेल्या की फटकून वागतात. जुने जाणकार उत्तरेच्या खिडकीतील उजेडात रंग पारखतात, ते उगीच नव्हे.

अलीकडे नमुन्याच्या तुकड्याऐवजी भ्रमणध्वनीवरून छायाचित्र पाठविण्याची सोय झाली आहे. सोय खरी, पण तिने घोटाळाही वाढविला. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील एका लग्नाच्या निमित्ताने काढलेले एका पोशाखाचे छायाचित्र जगभर फिरले. कोणाला तो निळा-काळा दिसला, तर कोणाला पांढरा-सोनेरी. एकाच घरातील माणसांतही वाद झाले. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळाच होता. तो सावलीत आहे असे ज्यांच्या मेंदूने गृहीत धरले, त्यांनी निळेपणा सावलीच्या खाती टाकला आणि कापड पांढरे ठरविले. खेरीज, बारीक पट्ट्यांच्या कापडाचे छायाचित्र घेतले, की कॅमेऱ्याच्या आतील बिंदूंची जाळी आणि कापडाची वीण एकमेकींवर पडून पाण्याच्या लाटांसारख्या रेघा उमटतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर सरकवून हा खेळ घरीही पाहता येतो. कापडात नसलेल्या या लाटांना विणीतील दोष समजून कोणी माल परत केला, तर विणकराने दाद कोठे मागावी?

शास्त्राचे उपाय पुष्कळदा यंत्राविनाही साधतात. करड्या पुठ्ठ्याचा हातभर तुकडा घेऊन त्याला रुपयाएवढी दोन छिद्रे पाडावीत. वादातील कापड दिवसाच्या उजेडात पसरून पुठ्ठा त्यावर असा ठेवावा, की एका छिद्रातून निळ्या जमिनीवरचा केवळ काळा भाग दिसेल आणि दुसऱ्यातून पसंत पडलेल्या किनारीतला केवळ काळा. शेजारचे रंग झाकले गेले, की डोळ्याला पदरचे घालायला जागा उरत नाही. दोन्ही काळे वेगळे दिसले, तर सूत पुन्हा भट्टीला लावावे. सारखेच दिसले, तर रंगाऱ्याची मजुरी कापू नये. बदलायची असेल ती नक्षी.