मुख्याध्यापकांची खोली आणि आपली मुले



शताब्दी म्हटली की आपण कर्तबगार माणसांची नावे घेतो. व्यापारात कोण पुढे गेले, कोणी पूल बांधले, नाटक बसवले, गणपती कोणी सुरू केला. ते योग्यच आहे. आज आम्ही मात्र ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, ती माणसे बहुतेक मराठी नाहीत आणि आपल्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव येत नाही. ती आहेत आपल्या मुलांच्या माध्यमिक शाळा चालवणारी माणसे. सकाळी साडेसातच्या आत मूल फाटकातून आत जाते, सीसीए असेल तर संध्याकाळीच बाहेर पडते. मधले सगळे तास त्यांच्या हवाली असतात.

आपल्या मनात या माणसांचे चित्र कसे आहे? ‘हेडसरांनी बोलावलंय’ एवढे ऐकले की पोटात गोळा यायचा, अशी आपली पिढी. पण महाराष्ट्रात शाळा चालवणाऱ्यांचे काम छडीपुरते कधीच नव्हते. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. चिपळूणकर आणि टिळक ही नावे सर्वांना ठाऊक असतात. शाळेचा रोजचा गाडा ओढणारे वामन शिवराम आपटे मात्र आज कोशकार म्हणूनच आठवतात. 1885 साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, तेव्हा पहिले प्राचार्य तेच झाले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या पोटाची सोय करताना लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. मूल कुठे झोपेल, काय जेवेल, कोणाच्या शेजारी पंगतीला बसेल, हे ठरवणे म्हणजेच तिथे शाळेचे प्रशासन होते.

इथे सिंगापुरात तेच काम एका खोलीत मावत नाही, ते अनेकांत वाटलेले आहे. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक वर असतात. विषयांचे विभागप्रमुख असतात. एकेका इयत्तेच्या मुलांकडे पाहणारे इयर हेड असतात. शिस्तीचे काम पाहणारे शिक्षक वेगळे. प्रत्येक शाळेत समुपदेशक असतो. पुढचे शिक्षण आणि नोकरी यांविषयी सल्ला देणारे आणखी वेगळे. कार्यालयातली मंडळी फॉर्म, फी आणि बसपास सांभाळतात. नव्याने आलेल्या पालकाला या शिडीत कोणत्या पायरीवर कोणाला भेटायचे हेच कळत नाही. मग तो वर्गशिक्षकाला तरी भेटतो, नाही तर थेट मुख्याध्यापकांना लांबलचक ईमेल लिहितो. बहुतेक प्रश्नांचे उत्तर मधल्या पायरीवर, इयर हेडकडे असते.

या माणसांच्या हातात काय असते, ते पाहा. 2024 साली पहिल्या माध्यमिक वर्गात आलेल्या मुलांपासून एक्स्प्रेस आणि नॉर्मल हे जुने प्रवाह बंद झाले. आता प्रत्येक विषय जी-1, जी-2 किंवा जी-3 अशा पातळीवर घेता येतो. गणितात पुढे असलेले मूल गणित वरच्या पातळीवर घेईल आणि इंग्रजी खालच्या. प्राथमिक शाळा सोडतानाचे गुण ही सुरुवात. पुढे मुलाची प्रगती पाहून पातळी बदलायची की नाही, हा निर्णय शाळेत होतो. म्हणजे पूर्वी बाराव्या वर्षी लागणारा शिक्का आता पुसता येतो, पण तो पुसायला शाळेत कोणीतरी त्या मुलाला नीट ओळखत असावे लागते. गुणपत्रिका संगणकात दिसते. घरी आजी आजारी आहे, बाबा महिन्यातले पंधरा दिवस परदेशात असतात, हे संगणकात दिसत नाही. ते आपण सांगायचे असते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. महाराष्ट्रात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असतो. त्यात आपण डोळे मिटून ‘मराठी’ लिहितो. इथल्या शाळेत मातृभाषा हा शिकायचा, परीक्षेचा विषय आहे. चिनी, मलय आणि तमिळ या राजभाषा. त्यांच्या जोडीला बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू. मराठी त्यात नाही. आपली बहुतेक मुले हिंदी घेतात, ज्यांच्या शाळेत तो वर्ग नसतो ती दुसऱ्या केंद्रावर जातात. हिंदी शिकण्यात तोटा काहीच नाही. पण वर्षानुवर्षे कागदावर ‘मातृभाषा : हिंदी’ पाहिल्यावर मुलाला घरची भाषा कोणती, हे वेगळे सांगावे लागते.

हा नियम कोणत्याही मुख्याध्यापकांनी केलेला नाही आणि तो त्यांना बदलता येणार नाही. त्यांच्या हातात दुसरे काही आहे. 1964 सालच्या दंगलींची आठवण ठेवून 1997 पासून दर 21 जुलैला शाळांत वांशिक सलोखा दिन होतो. त्या दिवशी मुले आपापले पोशाख घालून येतात. तिथे नऊवारीतली मुलगी किंवा फेटा बांधलेला मुलगा दिसला की ‘इंडियन’ या एका शब्दाखाली किती घरे आहेत, ते वर्गाला कळते. सभागृहात पाच मिनिटे बोलायची संधी द्यायची की नाही, भिंतीवर कोणते चित्र लावायचे, हे शाळेतच ठरते. तिथे विचारणारे आपण असलो पाहिजे.

आणखी एक गोष्ट. इथे मुख्याध्यापक एका शाळेत जन्मभर राहत नाहीत. काही वर्षांनी मंत्रालय त्यांची बदली दुसऱ्या शाळेत करते. त्यामागे विचार आहे : चांगला अनुभव एकाच शाळेत साचू नये. पण त्यामुळे आपल्या मुलांना ओळखणारे मुख्याध्यापक गेले की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शाळेची स्मृती फायलींत राहते. आपल्या समाजाची स्मृती आपणच ठेवायची आहे.

म्हणून तीन विनंत्या. पहिली : शाळेत पहिल्यांदा जाल ते तक्रार घेऊन नको. जानेवारीत वर्ष सुरू होते, तेव्हाच वर्गशिक्षक आणि इयर हेड यांची ओळख करून घ्या. पालकांच्या मदतगटात नाव द्या; तिथे चहाचे कप उचलणाऱ्या पालकाचे म्हणणे कार्यालय लवकर ऐकते. दुसरी : मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, शाळेला जायला टाळू लागले, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबू नका. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे मुलावर डाग नव्हे. घरात मराठीत न निघालेला शब्द कधी कधी त्या खोलीत इंग्रजीत निघतो. तिसरी विनंती या मंडळाच्या संग्रहासाठी : तुमच्या घरातली जुनी प्रगतिपुस्तके, शाळांची वार्षिके, वर्गाचे फोटो आणून द्या. शंभर वर्षांत आपली मुले कोणत्या शाळांतून शिकली आणि तिथे त्यांना कोणी हात दिला, याची नोंद झाली पाहिजे.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी इथे शिक्षक दिन असतो. मुले वर्गशिक्षकांना फुले आणि कार्डे देतात. या वर्षी एक कार्ड कार्यालयातल्या त्या बाईंना द्या, ज्यांनी आपले लांबलचक आडनाव न कंटाळता बरोबर टंकले. आणि एक कार्ड मुख्याध्यापकांना. त्यावर दोन ओळी मराठीत लिहा, खाली त्यांचा अर्थ इंग्रजीत द्या. त्या खोलीत मराठी अक्षरे पोहोचलेली बरी.