थॅलेसेमिया : लग्नाआधीची एक रक्ततपासणी

थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार आहे.
यात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन तयार करत नाही.

फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले.
१९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं.
सिंधी समाजात या विकाराचे वाहक, म्हणजे बदललेलं जनुक बाळगणारे लोक, तुलनेनं जास्त आढळतात.
पण हा विकार एकाच समाजाचा नाही.

परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे.
तिथल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांमधले जनुकीय बदल अभ्यासले.
सिंधी रुग्णांत अनेकदा जनुकाचा एक छोटा तुकडाच गळालेला असतो.

वाहक मात्र धडधाकट दिसतो.
म्हणून तपासणीशिवाय कळत नाही.

पती-पत्नी दोघंही वाहक असतील, तर धोका वाढतो.
दर गरोदरपणात, चारात एक शक्यता तीव्र आजाराची.
अशा बाळाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.
त्यातून शरीरात लोह साठतं.
ते काढायला औषधं लागतात.

वाहक ओळखणाऱ्या रक्तचाचणीचं नाव, एचबी ए-टू.

उल्हासनगर असो, अंबरनाथ असो, की बदलापूर,
पत्रिका जुळवण्याआधी ही चाचणी करून घ्यावी.
लग्न झालं असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करावी.