भुतांच्या बिऱ्हाडाचा प्रश्न



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन भुतांवर बोलावे, याचे चिटणीसांना नवल वाटले. त्यांनी विषय दोनदा विचारून घेतला. पण आम्ही ज्या भुतांविषयी बोलणार आहोत, ती पिंपळावरची नव्हेत. ती बिनपावतीची बिऱ्हाडकरू आहेत, आणि बिऱ्हाडकरूंशी आमचा जुना संबंध आहे.

'भूतेर भविष्यत' हा अनीक दत्त यांचा बंगाली बोलपट मार्च २०१२ मध्ये आला. त्याच्या नावातला श्लेष मराठीतही तसाच चालतो. भूत म्हणजे पिशाच्च, आणि भूत म्हणजे होऊन गेलेला काळ. त्या दोघांचेही भविष्य काय, असा सवाल आहे. जाहिरातीचे चित्रण करायला एक तरुण दिग्दर्शक कलकत्त्यातल्या जुन्या चौधरीवाड्यात येतो. तिथे विप्लव नावाचा गृहस्थ त्याला गोष्ट सांगू लागतो. शहरातले जुने वाडे पडत आहेत, त्या जागी मॉल आणि उंच इमारती येत आहेत. माणसे कुठेतरी सोय लावून घेतात. भुतांनी काय करायचे? मॉलमध्ये अंधार नाही, माळा नाही, जिन्याखालची जागा नाही.

या वाड्याचे मूळ भूत म्हणजे जमीनदार दर्पनारायण चौधरी. त्यांच्या जोडीला रॅम्से साहेब. इतर बेघर भुतांना आसरा द्यायचे ठरते, पण जागा थोडी आणि अर्जदार फार. तेव्हा हे दोघे चक्क मुलाखती घ्यायला बसतात! सिराजउद्दौल्याच्या पदरचा आचारी येतो, म्हणजे १७५७ च्या प्लासीच्या काळातला. पूर्व बंगालचा निर्वासित येतो, १९९९ च्या कारगिल युद्धात पडलेला ब्रिगेडियर येतो, जुन्या पडद्यावरची नटी कदलीबाला येते, गिटारवाला पोरगा येतो, बिहारातून पोटासाठी आलेला आत्माराम येतो. अडीचशे वर्षांचा बंगाल एका दिवाणखान्यात रांगेने उभा राहतो. प्रेक्षक हसून बेजार होतात. आम्हीही हसलो.

हसता हसता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. निवड करणारे कोण, तर जमीनदार आणि इंग्रज. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने कायमधारा पद्धत आणली, तेव्हापासून बंगालची जमीन याच दोघांच्या समजुतीने चालली. मेल्यावरही खुर्च्या त्यांच्याच! आणि आचारी मेल्यावरही आचारीच. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले की सहज झाले, याचा काथ्याकूट आम्ही करीत नाही. चित्र खरे आहे, एवढे पुरे.

हा प्रसंग आम्हाला बोचला त्याचे कारण वेगळे. २०१४ मध्ये सतीश कौशिक यांनी याच कथेवर 'गँग ऑफ घोस्ट्स' हा हिंदी चित्रपट काढला आणि भुतांना मुंबईत आणले. तो चालला नाही. पण मुंबईत वास्तू पाडून मॉल उभारण्याची कथा आम्हाला कोणी पडद्यावर दाखवायला नको. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीवर काय उभे राहिले ते सर्वांसमोर आहे. मूळ बंगाली चित्रपट लागला त्याच साली, जून २०१२ मध्ये, गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. घरे ६,९२५, अर्ज दीड लाखाच्या घरात. त्या अर्जांसाठी आमच्या कचेरीत आम्हीच टेबल मांडून बसलो होतो. हजेरीचे कार्ड आहे? पगाराची पावती आहे? कामगार हयात नसेल तर वारसाचा दाखला आहे? बदली कामगाराकडे यांतले बहुधा काहीच नसे. त्याचे कागद आम्ही बाजूला ठेवत गेलो. नियमाप्रमाणेच ठेवले. पण ठेवले आमच्या हातांनी, रॅम्से साहेबांनी नव्हे.

पुढे वाड्यावर गणेश भुतोरिया नावाचा बिल्डर येतो, आणि भुते एकजूट करतात. इथवर आम्ही टाळ्या वाजवल्या. पण विजय मिळतो तो हातकटा कार्तिक या गुंडाच्या भुताला हाताशी धरून! हे आम्हाला पटले नाही. गुंड आज आपल्या बाजूला असतो, उद्या जो जास्त देईल त्याच्या. गोष्ट सांगणारा विप्लवही शेवटी भूतच निघतो, नक्षलवादी चळवळीत मारला गेलेला. त्याने तरी बैठकीत हा आक्षेप नोंदवायचा!

दत्त यांच्या नंतरच्या एका चित्रपटाचे म्हणाल, तर 'भविष्यतेर भूत' १५ फेब्रुवारी २०१९ ला लागला आणि दुसऱ्याच दिवशी चित्रपटगृहांतून उतरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला वीस लाखांची भरपाई द्यायला लावली.

पहिला चित्रपट आम्ही आमच्या कचेरीत भिंतीवर पडदा लावून दाखवला. समोर एका बदली कामगाराच्या विधवा बसल्या होत्या. त्यांचा अर्ज आमच्याच टेबलावरून परत गेलेला. मुलाखतीच्या प्रसंगाला त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अवो, ह्यास्नी कोन हाईस, कसा मेलास, येवढंच इचारत्यात. कागूद न्हाई मागत कुनी?"

आम्ही दिवा लावायला उठलो.