फौजदार गिलेस्पीची झोप

(युवक मेळाव्यातलं भाषण, बोललं तसं)

संयोजकांना वाटलं असणार, गोदीतला पोरगा आहे, कविता करतो, दोन कविता म्हणेल आणि खाली बसेल. कविता आज नाय. आज मी एका पोलीस चीफवर बोलणार आहे. आपल्या भाषेत फौजदार म्हणू. तो इथला नाय, अमेरिकेतल्या मिसिसिपीचा. खराही नाय, पिक्चरमधला. पण त्याच्या शेजारी मी एक खरा आणून उभा करणार आहे, तोवर चुळबूळ करू नका.

पिक्चर १९६७ चा, 'इन द हीट ऑफ द नाइट'. जॉन बॉल नावाच्या लेखकाच्या १९६५ च्या कादंबरीवरून काढलेला, दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. स्पार्टा नावाचं कापूसपट्ट्यातलं लहानसं गाव. रात्री गस्तीवरच्या शिपायाला रस्त्यात प्रेत सापडतं. मेलेला माणूस शिकागोचा कारखानदार, गावात फॅक्टरी काढायला आलेला, गोरा. हुकूम सुटतो, गाव पिंजून काढा. शिपाई स्टेशनवर जातो. तिथं एक काळा माणूस कोट-टाय घालून गाडीची वाट बघत बसलाय. काळा, परका, आणि पाकिटात नोटा. झालं. गुन्हा शाबीत. झडती घेतली आणि चौकीत आणून उभा केला.

आपल्यातल्या कुणाला ही गोष्ट नवीन वाटत असेल तर त्यानं हात वर करावा.

मग उघड होतं की हा माणूस स्वतःच पोलीस आहे. व्हर्जिल टिब्ज, पेनसिल्व्हानियातल्या फिलाडेल्फियाचा, खुनाच्या तपासातला पट्टीचा जाणकार. पगार हप्त्याला १६२ डॉलर ३९ सेंट. हा आकडा ऐकून फौजदाराचा चेहरा बघा. बॅज बघून तो जेवढा हलत नाय तेवढा पगार ऐकून हलतो. रॉड स्टायगरनं हे काम केलंय. च्युइंगम चघळणारा जबडा, सुटलेलं पोट, आणि डोळ्यांत सारखी एक भीती. कसली भीती ते नीट समजून घ्या, कारण माझं सगळं भाषण तिथं अडकलंय.

बिल गिलेस्पी हा काय गावाचा मालक नाय. गावाला तो नकोच आहे. ऑफिसातल्या पंख्याला तेल स्वतः घालायचं, टेबलाचा पाय मोडका, पगार तुटपुंजा. बायको नाय, पोर नाय. एका रात्री तो टिब्जला घरी घेऊन येतो, दोघं दारू पितात, आणि फौजदार बोलून जातो की या घरात कुणी येत नाय. टिब्ज जरा मायेनं बोलायला जातो तर हा लगेच फणा काढतो. काळ्या माणसाची कीव नको! एकटेपणानं मेला तरी चालेल, पण कीव वरून खाली गेली पाहिजे, खालून वर येता कामा नये. जात काय असते हे ज्याला कळत नाय त्याला हा पाच मिनिटांचा सीन दाखवा. वाटेल तेवढी पुस्तकं नंतर वाचता येतील.

आणि तपास? तपासाचा सगळा आनंद आहे. पहिला टिब्जला धरला. दुसरा एक पोरगा धरला, मेलेल्याचं पाकीट त्याच्याजवळ सापडलं म्हणून. टिब्जनं दाखवून दिलं की हा डावखुरा आहे, वार उजव्या हाताचा आहे. तिसरा धरला तो स्वतःचाच शिपाई, बँकेत पैसे भरले म्हणून. तीन माणसं आत घातली, तिन्ही चुकीची. फौजदाराला खुनी नको असतो, फाइल बंद पाहिजे असते. सकाळी नगराध्यक्षासमोर उभं राहायचं असतं त्याला.

आता मुद्द्याचं. टिब्जला तो ठेवून का घेतो? समीक्षक लोक लिहितात, हृदयपरिवर्तन. माणुसकीचा विजय. थांबा जरा. मेलेल्या कारखानदाराची बायको चौकीत येते आणि स्पष्ट सांगते, हा काळा अधिकारी तपासावर राहिला नाय तर फॅक्टरी विसरा. फॅक्टरी गेली तर गावाचा रोजगार गेला. नगराध्यक्षानं हिशोब मांडला: काळ्यानं खुनी पकडला तर नाव आपलं, नाय पकडला तर खापर त्याच्या डोक्यावर. हे हृदयपरिवर्तन नाय, ही वजाबाकी आहे. आणि मी पुढचं विचारतो. त्या रात्री रस्त्यात कापूस वेचणारा काळा मजूर मरून पडला असता तर? गिलेस्पीची झोप उडाली असती? कुणी स्टेशनवर धावला असता? टिब्ज आपल्या गाडीत बसून गेला असता, आणि पिक्चर पहिल्या रिळातच संपला असता.

याच पिक्चरमध्ये ती प्रसिद्ध थोबाडीत आहे. गावचा बडा जमीनदार एन्डिकॉट, त्याच्या काचघरात ऑर्किडची फुलं. टिब्ज आणि फौजदार चौकशीला जातात. म्हातारा गोड बोलतो, निग्रोला या रोपांसारखं जपावं लागतं अशा थाटात. पण प्रश्न टोचायला लागले तसा तो टिब्जच्या थोबाडीत मारतो. आणि टिब्ज, दोस्तहो, श्वास घ्यायलाही न थांबता त्याच्या थोबाडीत परत देतो! १९६७ साली. मोठ्या पडद्यावर. काळ्या हाताची पाच बोटं गोऱ्या मळेवाल्याच्या गालावर.

सगळे त्या थोबाडीतीबद्दल बोलतात. मी म्हणतो, त्या वेळी फौजदाराकडे बघा. जमीनदार त्याला विचारतो, तू आता काय करणार? आणि गिलेस्पीला उत्तर सुचत नाय. तिथं तो पहिल्यांदा नागडा होतो. म्हाताऱ्याला माहीत आहे की एकेकाळी त्याच्या शब्दावर गोळी सुटली असती. नगराध्यक्षही नंतर हेच सुनावतो, आधीच्या फौजदारानं टिब्जला तिथंच उडवला असता आणि स्वसंरक्षण म्हणून लिहिलं असतं. म्हणजे खुर्ची तीच, पिस्तूल तेच, फक्त या माणसाचा हात अर्ध्या सेकंदासाठी अडला. एवढंच त्याचं पुण्य. मी ते कमी लेखत नाय. पण त्याला मोठंही म्हणणार नाय.

आणि काचघरात ट्रे घेऊन उभा असलेला तो काळा नोकर बघा. त्याला एन्डिकॉटच्या घरातच राहायचंय, टिब्जची गाडी सुटून गेल्यावरसुद्धा. त्या माणसावर अजून कुणी पिक्चर काढलेला मी ऐकला नाय.

कापसाचं एक सांगून टाकतो, गोदीतला माणूस आहे म्हणून. तो कापूस आपल्याला परका नाय. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेची बंदरं अडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, गाठींवर गाठी बोटीत चढल्या, मुंबईचे शेटजी गबर झाले. लढाई संपली तसा १८६५ ला बाजार बसला. मिसिसिपीत गुलामाच्या पाठीवर आणि इथं हमालाच्या पाठीवर जे ओझं होतं ते एकाच बाजारभावानं वर-खाली होत होतं. इतिहासाच्या पुस्तकात शेटजींची नावं आहेत. गाठ कुणी उचलली ते नाय.

आता तो खरा. कबूल केल्याप्रमाणे.

मिसिसिपीतसुद्धा एक फिलाडेल्फिया आहे. टिब्जच्या गावाचंच नाव, पण नेशोबा काउंटीतलं छोटं गाव. १९६४ च्या उन्हाळ्यात काळ्यांची मतदार म्हणून नोंदणी करायला पोरं तिकडे गेली होती. त्यातले तीन: जेम्स चेनी, २१ वर्षांचा, काळा, मिसिसिपीचाच. अँड्र्यू गुडमन, २०, आणि मायकल श्वर्नर, २४, दोघं न्यूयॉर्कचे गोरे ज्यू. तुमच्याच वयाची पोरं. जाळलेलं एक चर्च बघून परतताना २१ जूनला डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइसनं गाडी जोरात चालवल्याबद्दल त्यांना धरलं. कोठडीत घातलं. रात्री सोडलं. परत पाठलाग करून पकडलं आणि क्लॅनच्या टोळीच्या हवाली केलं. गोळ्या घालून मातीच्या बंधाऱ्यात पुरलं. ४४ दिवसांनी, ४ ऑगस्टला, प्रेतं सापडली.

इथं खुनाचा तपास करणारा कोण? तोच, ज्यानं माणसं खुन्यांच्या हातात दिली. त्याला कसली चिंता, कसलं एकटेपण! वर्दी आणि टोळी एकच.

मिसिसिपी राज्यानं खुनाचा खटला भरलाच नाय. केंद्र सरकारला नागरी हक्कांच्या जुन्या कायद्याखाली कटाचा खटला भरावा लागला. पिक्चर थेटरात लागला ऑगस्ट १९६७ मध्ये, निकाल लागला ऑक्टोबर १९६७ मध्ये. सात जण दोषी. प्राइसला सहा वर्षं. त्याचा वरिष्ठ, शेरीफ लॉरेन्स रेनी, सुटला. टोळी जमवणाऱ्या एडगर रे किलनला शिक्षा व्हायला २००५ साल उजाडलं, तीसुद्धा सदोष मनुष्यवधाची, ६० वर्षं.

आणि या तिघांना शोधताना मिसिसिपी नदीत दोन काळ्या पोरांची प्रेतं सापडली, हेन्री डी आणि चार्ल्स मूर. मे महिन्यात मारलेले. त्यांच्यासाठी देश हलला नव्हता. दोन गोरे बेपत्ता झाले म्हणून नदी ढवळली आणि ही वर आली. त्यातल्या एका खुन्याला २००७ मध्ये जन्मठेप झाली. ४३ वर्षांनी. हे मी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे, पिक्चरनं जे दिलं नाय ते.

पिक्चरमध्ये काम करणाऱ्या सिडनी पॉइटियेला हे ठाऊक होतं. १९६४ मध्ये चळवळीचे पैसे पोचवायला तो आणि हॅरी बेलाफॉन्टे मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला गेले होते, तेव्हा क्लॅनवाल्यांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. म्हणून शूटिंगसाठी दक्षिणेत जायला त्यानं नकार दिला. मिसिसिपीची कथा, आणि शूटिंग झालं उत्तरेकडच्या इलिनॉयमध्ये. कापसाच्या शेताचं तेवढं टेनेसीत उरकलं. खोटं गाव जास्त सुरक्षित होतं.

कुणी म्हणेल, हे आम्हाला कशाला? अरे, आपल्या पँथरचं नाव कुठून आलं? १९६६ ला ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर काढली. त्यांचं पहिलं काम भाषण नव्हतं. पोलिसांच्या गाडीमागून गाडी घेऊन फिरायचं, पोलीस कुणाला अडवतो ते बघायचं, कायद्याचं कलम तिथंच वाचून दाखवायचं. फौजदारावर गस्त!

आपल्याकडे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९५ च्या नियमाप्रमाणे तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाय. म्हणजे तालुक्याच्या गावी प्रत्येक खुनाला आपला एक गिलेस्पी ठरलेला आहे. त्याच्यावरही आमदाराचा फोन येतो, त्याच्याही टेबलाचा पाय मोडका असतो. असू दे. त्याच्या मनातली घालमेल बघायला तिकीट काढू, पण चौकीत गेल्यावर त्याच्या मनात शिरायचं नाय. कलम चार बघायचं. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद. २०१५ च्या दुरुस्तीनं कर्तव्यं कोणती तेही लिहून ठेवलंय: फिर्याद नोंदवायची, सही घेण्याआधी वाचून दाखवायची, प्रत लगेच हातात द्यायची, ६० दिवसांत दोषारोपपत्र. फौजदार चांगला की वाईट यावर रात्रभर वाद घालणारे दोस्त मला माहीत आहेत. प्रत मागितली का विचारलं की गप्प.

खुनी कोण निघतो ते सांगायचं राहिलं. जमीनदार नाय. टिब्जला वाटत होतं जमीनदारच, रागानं तोही आंधळा झाला होता, आणि फौजदार ते त्याला तोंडावर सुनावतो. बरोबर सुनावतो. खुनी निघतो खानावळीच्या गल्ल्यामागचा पोरगा राल्फ, गोरा, कडका. एका पोरीला दिवस गेलेत, ते पाडायला पैसे पाहिजेत म्हणून चोरी करायला गेला आणि जीव घेऊन बसला. टिब्जला खायला द्यायला नकार देणारा हाच. खिशात दमडी नाय, पण काळ्याला वाढणार नाय!

शेवटी स्टेशन. फौजदार टिब्जची बॅग उचलून गाडीपर्यंत नेतो. थेटरात लोक इथं डोळे पुसतात. मी ओझी उचलून खातो, मला रडू आलं नाय. एक बॅग, वीस पावलं, तीही हलकी. पण स्टायगरला त्या कामाचं ऑस्कर मिळालं. पॉइटियेला त्या वर्षी नामांकनसुद्धा नाय. स्टायगर नट म्हणून मोठा, त्याबद्दल माझी तक्रार नाय. पण पिक्चरचं नाव 'फौजदाराचं दुःख' नव्हतं.

पिक्चरला एकंदर पाच ऑस्कर मिळाले. समारंभ ८ एप्रिल १९६८ ला होता, तो दोन दिवस पुढे ढकलला. कारण ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगला मेंफिसमध्ये गोळी घातली होती. तेच मेंफिस, जिथं जाणाऱ्या गाडीची टिब्ज पिक्चरच्या सुरुवातीला वाट बघत असतो. किंग तिथं कशाला गेला होता? कचरा उचलणाऱ्या १३०० कामगारांच्या संपासाठी. फेब्रुवारीत दोन कामगार कचऱ्याच्या ट्रकच्या दाबयंत्रात चिरडून मेले, तेव्हा बाकीच्यांनी काम बंद केलं. 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. १० तारखेला हॉलिवूडमध्ये बाहुल्या वाटल्या. १६ तारखेला मेंफिसच्या नगरपालिकेनं युनियनला मान्यता दिली आणि पगारवाढ कबूल केली.