तराजूला आकार कसा कळतो?

उजव्या पायाचा जोडा आणि डाव्या पायाचा जोडा तराजूंत घातले तर दोन्ही सारखेच भरतात. कोणता कोणत्या पायाचा, हें तराजू कसें सांगणार? रेणूंचें वजन करणारा तराजू म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ॲस्टन यांनीं १९१९ सालीं केंब्रिज येथें त्याचें सुधारलेलें रूप सिद्ध केलें. त्यालाही वजनावांचून कांहीं कळत नाहीं. तरी आकाराची साक्ष त्याच्या तोंडून काढतां येते.

श्रोत्यांनीं सहा कार्बन-अणूंचें एक कडें डोळ्यांपुढें आणावें. त्याच्या समोरासमोरच्या दोन अणूंना एकेक मेथॉक्सी गट जोडलेला आहे. दोन्ही गट कड्याच्या एकाच अंगाला असले तर तो रेणु ‘सिस्’. एक वर व एक खालीं असला तर ‘ट्रान्स’. अणु तेच, वजनही तेंच. आयसोब्यूटेन वायूच्या साह्यानें यांना एकेक प्रोटॉन दिला, कीं दोघांचेंही वजन १४५ होतें. आणि येथून त्यांचें दैव निराळें. सिस् रेणूचें कडें नावेसारखें वांकतें, दोन्ही ऑक्सिजन जवळ येतात व प्रोटॉनाला दोहों बाजूंनीं धरून ठेवतात. असा रेणु सहजासहजीं मोडत नाहीं. ट्रान्स रेणूंत ही मिठी घडणें कठीण. प्रोटॉन एकाच ऑक्सिजनवर बसतो, तो गट सुटूं पाहतो, आणि समोरचा ऑक्सिजन पाठीमागून कार्बनाला धरून त्याला जणूं बाहेर लोटतो. मेथिल अल्कोहोलाचे ३२ जातात, ११३ उरतात. कोणती रेघ ठळक, एवढें पाहिलें कीं आकार ओळखला! हायफाच्या टेक्नियन संस्थेंतील मांडेलबाउम यांनीं अशा जोड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

परंतु हुरळून जाऊं नये. परस्परांचीं आरशांतील प्रतिबिंबें असलेले रेणु सारखेच फुटतात. तेथें हा तराजू पुनः आंधळा. आणि हें अज्ञान एखाद्याच्या अब्रूवर बेतूं शकतें. मेथॅम्फेटामिन हें मादक द्रव्य. त्याचेंच वामरूप अमेरिकेंत सर्दीवर हुंगण्याच्या औषधांत वापरलें गेलें आहे. लघवीच्या तपासणींत केवळ रेघाच पाहिल्या, तर पडशानें बेजार झालेला गृहस्थ आणि व्यसनी एकाच माळेंत ओवले जातील.

यावर युक्ति आहे. दोन्ही जोडे उजव्याच पायांत घालून पाहावे, तसें दोन्ही रूपांना एकाच हाताचा दुसरा एक रेणु जोडतात. मग तीं परस्परांचीं प्रतिबिंबें राहत नाहींत, आणि यंत्रापूर्वीच्या लांब, बारीक नलिकेंतून आगेंमागें बाहेर पडतात.