कोरियन जेवण: पहिल्यांदा जाताय? मग हे ऐका

बसमध्ये असा, होस्टेलवर असा, नाहीतर शेतात पाणी धरत असा, हेडफोन लावा. आजचा विषय आहे कोरियन जेवण.

के-ड्रामा बघताना समोरचा माणूस लाल रश्शातले नूडल्स सुर्रकन ओढतो आणि आपल्याला भूक लागते. पण हॉटेलात गेलो की मेन्यूतलं काहीच कळत नाही. म्हणून आधी चार गोष्टी समजून घेऊ.

पुण्याकडे ही हॉटेलं कशी काय आली? रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. माणसं कामाला आली की पाठोपाठ त्यांचं जेवणही येतंच. आपले लोक पुण्यात गेले तर ठेचा सोबत नेतातच की!

आता ताट बघू. मधे भात, बाजूला सूप किंवा रस्सा, आणि भोवती छोट्या छोट्या वाट्या. या वाट्यांना म्हणतात बानचान. आपल्या ताटाची डावी बाजूच समजा: चटणी, कोशिंबीर, लोणचं. फरक एवढाच की त्या सगळ्यांनी मिळून खायच्या असतात. त्यांचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत आणि संपल्या की परत मागता येतात.

त्यातली मुख्य वाटी किमचीची. चायनीज कोबी मिठात मुरवायचा, त्याला तिखट, लसूण, आलं चोळायचं आणि आंबू द्यायचं. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून हिवाळ्याभराची किमची घालायची तिकडे पद्धत आहे, तिला किमजांग म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वाडाभर बाया पापड-कुरडया करतात, अगदी तसंच. २०१३ मध्ये युनेस्कोने किमजांगला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता शाकाहारी मंडळींनो, कान देऊन ऐका. किमची दिसते कोबीची, पण तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. तोकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, पण तिचा रस्सा अनेकदा सुक्या मासळीचा असतो. ‘गोगी’ म्हणजे मांस. त्यात ‘सोगोगी’ गायीचं, ‘द्वेजीगोगी’ डुकराचं. घरी माळकरी आई-आजी असेल आणि तिला सोबत नेणार असाल, तर ऑर्डरच्या आधी सरळ विचारा: “रश्शात मासळी आहे का? अंडं आहे का?” विचारायला लाजायचं नाही. आपण काय खातो हे विचारणारा माणूस गावंढळ नसतो.

सुरुवात बिबिमबापने करा. भातावर भाज्या आणि तिखट गोचुजांग. मांस आणि अंडं नको म्हणून सांगता येतं. चमच्याने सगळं एकत्र कालवायचं आणि खायचं. चॉपस्टिक्स जमत नसतील तर चिंता नको, कोरियन लोकही भात चमच्यानेच खातात. फक्त भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका. तसं मेलेल्या माणसाच्या नैवेद्याला करतात. आणि टेबलावर वडीलधारं कोणी असेल तर पहिला घास त्यांचा. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता माझ्या मनातली गोष्ट. गोचुजांगमध्ये सोयाबीन आहे. दोएनजांग नावाची त्यांची पेस्ट तर सोयाबीनचीच. दाणे उकडतात, कुटतात, त्याच्या विटा करून वाळवतात, आंबवतात आणि मग मिठाच्या पाण्यात मुरत ठेवतात. त्याचं पाणी म्हणजे सोया सॉस, खालचा गाळ म्हणजे दोएनजांग. २०२४ मध्ये या कलेलाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आणि आपल्याकडे? खरिपात चिखली-मेहकरकडे जा, नजर जाईल तिथवर सोयाबीन. पण आपल्या ताटात ते येतं तेल म्हणून, फार तर सोयावडी म्हणून. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात तेवढा पडतो का, ते तुमच्या घरी विचारा. तोच दाणा तिकडे मडक्यात मुरतो आणि घराघराची चव होतो. आपल्या गावातल्या बचत गटाने, एखाद्या पोराने यातलं काही करून बघायला काय हरकत आहे? पापड आपण विकतोच ना.

तर पुढच्या वेळी बिबिमबाप कालवताना त्या लाल चटणीकडे नीट बघा. त्यात आपल्या शिवारातलं पीक आहे.

जेवायच्या आधी ते म्हणतात, ‘जाल मोक्केस्सुम्निदा’, म्हणजे ‘आवडीने जेवतो’. तुम्हीही म्हणून बघा. पहिल्यांदा काय खाल्लं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!