माळवदावरची माती

चिंचोळी एमआयडीसीत कामाला येणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणी गावाकडं माळवदाच्या घरात राहतात. पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीच्या पाट्या वर कोण देतं? आपणच. गळू नये म्हणून नवा थर टाकायचा. जुना मात्र कुणी काढत नाही. सासूच्या, आजेसासूच्या काळापासून ती माती चढतेच आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. चारच वर्षं आधी, १९८९ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियात याहून मोठा भूकंप झाला होता. तिथं ६३ माणसं गेली. तिथं वेळ संध्याकाळची होती, हे खरं. पण मोठा फरक घरांचा होता.

किल्लारीकडची भिंत दोन-अडीच फूट रुंद, दगडाची. बघणाऱ्याला वाटावं, हत्तीनंही हलणार नाही. पण आत तिचे दोन पदर वेगळे आणि मधे चिखल-गोटे. हादऱ्यानं पदर सुटले, भिंत ढासळली आणि वरची दोन-दोन फूट माती झोपलेल्या लेकरांवर आली. जिथं माळवद चांगल्या लाकडी खांबांवर होतं, तिथं भिंत पडूनही छत तगलेलं दिसलं.

पुढं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. घर मजबूत कसं करायचं, हे त्यांनी घरोघरी समजावलं. गवंड्याला प्रश्न विचारायला बाई कचरत नाही, हे तिथं दिसलं.

तुम्हीही विचारा. दगडी भिंत बांधताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर, दोन्ही पदर धरणारा आरपार दगड घाला म्हणावं. दारं-खिडक्यांच्या वर सळया घालून काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवायचा, कुठं तोडायचा नाही. गवंडी नुसता दारावर तुकडा टाकतो. त्यानं भिंती एकमेकींना धरत नाहीत.

पत्र्याचं घर असेल तर वाऱ्यासाठी वर ठेवलेले दगड उतरवा, पत्रे हुकानं आवळून घ्या.

आणि माळवदवाल्यांनो, झरोक्याच्या कडेला काठी लावून माती मोजा. वीतभराहून जास्त निघाली तर जाणत्या गवंड्याला बोलवा. आधी तुळयांना टेकू, मग वरचे थर काढायचे, खाली प्लास्टिकचा कागद अंथरून पातळ थर पुन्हा द्यायचा. म्हणजे गळणारही नाही. किती वीत निघाली, ते पुढच्या बैठकीत सांगा.